वीस डिसेंबरच्या आधीची वाटणी

बाबूजी, सतरा डिसेंबर २००४, शुक्रवार, दुपारी सव्वाबारा. बालाघाटच्या रजिस्ट्री कचेरीत तुम्ही आणि भावानं वडिलोपार्जित मालमत्तेच्या वाटणीवर सह्या केल्या. किरनापुरची धानाची सगळी शेती त्याला, घर तुम्हाला, आणि तेही पुढे मृत्युपत्रानं त्यालाच. मला कोणी विचारलं नाही, सांगितलंही नाही.

संसद मी तुमच्याकडूनच शिकले. शाळेत नागरिकशास्त्र शिकवून तुमचं पोट भरत नसे, घरीही वर्ग भरायचा. स्वयंपाकघर लोकसभा, ओसरी राज्यसभा. भज्यांची थाळी दोन्हीकडे मंजूर झाली की तुम्ही राष्ट्रपती म्हणून पहिलं भजं उचलायचात. भाऊ कुठल्याच सभेला न विचारता खायचा, आणि त्याला तुम्ही कधी टोकलं नाही.

त्या डिसेंबरात मीच पेपर घेऊन धावत आले. "बाबूजी, मुलींना मुलाइतका हक्क देणारं विधेयक येतंय!"

"कोन्त्या सभेत?"

"आधी राज्यसभेत. याच अधिवेशनात."

"हौ," म्हणालात आणि चहा मागितला. मला वाटलं, पोरीचा धडा पक्का आहे म्हणून खूश झालात. तुम्ही मनात रजिस्ट्रीचा दिवस ठरवत होतात. वीस तारखेला विधेयक मांडलं गेलं. पुढच्या वर्षी दोन्ही सभांनी ते मंजूर केलं, राष्ट्रपतींची सही झाली. मी पेढे आणले. तुम्ही दोन खाल्लेत.

तुम्ही गेल्यावर मी हिस्सा मागितला तर भाऊ हसला. "ताई, तुले कॉन्व्हेंटात शिकवलं ना, तोच तुया हिस्सा. बाबूजीच म्हनत." मग वकिलाकडे गेले. तो म्हणाला, "मॅडम, वीस डिसेंबरच्या आधीची रजिस्टर्ड वाटणी या कायद्यानं तशीच ठेवली आहे. तुमच्या बाबूजीले कायदा मस्त समजत होता, मानलं पाहिजे." हे ऐकवायची त्यानं फी घेतली.

खोटं बोलू नये, असं सिस्टरांनी शिकवलं, म्हणून स्पष्ट लिहिते. तुम्ही भित्रे होतात. पोरीला तोंडावर 'नाही' म्हणायची छाती नव्हती, म्हणून संसदेच्या तीन दिवस पुढे पळालात.

एक मात्र कबूल करते. शेत मिळालं असतं तर मी विकलंच असतं. चिखलात पाय घालणारी मी नव्हे. पण विकताना तरी त्या सातबाऱ्यासारख्या रुक्ष कागदावर तुमची मुलगी म्हणून माझं नाव एकदा लागलं असतं.

हे पत्र कुठे टाकता येत नाही, ठाऊक आहे. तरी खुलासा लेखी हवा, पोळ्याच्या आत. त्यात 'तुझ्या भल्यासाठी' असं कुठे आलं, तर तो ग्राह्य धरणार नाही.