चिठ्ठीचा गुरुवार

शनिवार, १० मे

आलो. पोरगी रस्ताभर झोपली आणि दारात आल्यावर भोकाड पसरलं. ही शाळा आहे. सुट्टीत रिकामी, म्हणून आठवडाभर वाद्यं वाजवणाऱ्यांच्या शिबिराला दिलीय. आम्हाला दुसरीचा वर्ग. बाकं भिंतीला सरकवून दोन खाटा टाकल्यात. फळ्यावर अजून बेरजा आहेत.

चेलोची माणसाएवढी पेटी कोपऱ्यात उभी केली. नणंद म्हणाली, "वहिनी, ह्या तिसऱ्या माणसाला पण खाट मागून घे." मला हसू आलं नाही.

फॉर्म तिनंच भरला होता. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्यात विचारलं होतं — नोटेशन वाचता येतं का? तिनं 'हो'वर खूण केली. "नाही लिहिलं तर घेतील का तुला?"

मला येत नाही. एक ओळ येत नाही. कागदाला मुंग्या लागल्यासारखं दिसतं.

रविवार, ११ मे

चार-चार जणांचे गट केलेत. मधे काठी हलवणारं कुणी नाही. चौघांनीच एकमेकांकडे बघून वाजवायचं. आमच्यात पहिलं व्हायोलिन बाईंचं. बाई मोठ्या. तीस वर्षं पोटापाण्यासाठी वाजवतात, त्यांना ऐकायला लोक लांबून येतात. दुसरं व्हायोलिन एका दातांच्या डॉक्टरांचं. व्हायोला टॅक्सीवाले काका वाजवतात. चेलो मी.

आम्हाला सायन्सची लॅब मिळालीय. टेबलांना गॅसच्या तोट्या, कपाटात बरणीत बेडूक. डॉक्टर म्हणाले, "हा आपला पहिला श्रोता. मधे उठून जाणार नाही."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी सगळ्यांत आधी मला विचारलं, "दारावर वेळापत्रक लावलंय ना? वाच जरा मोठ्यानं."

सहावीत शाळा सुटली माझी. बोट ठेवून वाचलं, अडखळत. त्या ऐकत राहिल्या. मला वाटतं त्यांनी तेव्हाच ओळखलं, ही किती पाण्यात आहे ते.

वाजवण्याचं मात्र निभावलं. इथं वाजवायचं गाणं आधीच कळवलं होतं, ते महिनाभर फोनवर ऐकलंय. पोरीला पाजताना, भांडी घासताना. चौघांतून चेलो तेवढा वेगळा काढायचा, तांदळातले खडे वेचतात तसा. ते जमतं मला. बाबांच्या दुकानातच जमायला लागलं. बाबा वाद्यं दुरुस्त करायचे, गिऱ्हाईकं वाजवून बघायची, मी टेबलाखाली बसून ऐकायची. हा चेलो पण एका गिऱ्हाइकाचा. तो न्यायला आलाच नाही. बाबा म्हणायचे, आधी हात बसू दे, कागदाचं नंतर बघू. मग बाबाच गेले.

वाजवताना समोर कागद ठेवते. डोळे त्याच्यावर फिरवते. पान कधी उलटायचं ते काकांकडे बघून.

सोमवार, १२ मे

चूक झाली.

कागदावर एका ठिकाणी, जिथवर काल पोचलो नव्हतो, मागे जायची खूण असते. तिथं आलं की तो तुकडा पहिल्यापासून पुन्हा वाजवायचा. फोनवर ज्यांचं मी ऐकलं त्यांनी तो पुन्हा वाजवलाच नव्हता, सरळ पुढे गेले होते. मला काय माहीत! तिघं मागे वळले आणि मी एकटीच पुढे.

बाईंनी हात वर केला. "चेलो, कुठं निघालीस?"

काका म्हणाले, "मीटर टाकून निघाली ती. जाऊ द्या, वळून येईल."

मी म्हटलं, पोरगी रडल्यासारखं वाटलं, लक्ष उडालं. पोरगी रडली नव्हती. व्हरांड्यात नणंदेच्या मांडीवर गाढ झोपली होती.

बाई उठल्या, माझ्या मागे आल्या आणि माझ्या कागदावर इतक्या वाकल्या की नाक टेकतंय का काय. कितीतरी वेळ. माझ्या मानेवर त्यांचा श्वास. मग जागेवर गेल्या. म्हणाल्या, "कागदात डोकं घालू नका कुणी. माझा श्वास ऐका. मी श्वास घेते तिथं सुरू."

त्यांना कळलंय. नक्की कळलंय. मग बोलत का नाहीत?

मंगळवार, १३ मे

सकाळी जिन्यात बाई समोरून आल्या. मी थांबून नमस्कार केला. त्या माझ्याकडे बघत बघत सरळ निघून गेल्या. ओळख नाही, काही नाही. एक हात कठड्यावर, पाय दमानं टाकत. मी भिंतीला चिकटून उभी.

जेवताना अजून एक कळलं. इथं दरवर्षी गुरुवारी चिठ्ठी असते. प्रत्येक गटाच्या चेलोवाल्यानं डब्यातून चिठ्ठी काढायची. जो नंबर निघेल त्या गाण्याचे कागद तेव्हाच हातात मिळतात. कुणी न वाजवलेलं, कुणी न ऐकलेलं. खास ह्या डब्यासाठीच लिहून घेतात म्हणे. तासभर दार लावून बसायचं, मग हॉलमध्ये सगळ्यांसमोर वाजवायचं.

डॉक्टर म्हणाले, "मजा असते हो. फार तर हसतात."

मी बाईंकडे बघितलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला. कप बशीत ठेवायला गेल्या तो बशीच्या बाहेरच, चहा सगळा माझ्या पदरावर. सॉरी पण म्हणाल्या नाहीत. एवढा राग? मी काय घोडं मारलंय त्यांचं?

न ऐकलेलं मी कुठून आणू.

बुधवार, १४ मे

पोरीला ताप.

माझ्यामुळेच. सोमवारी तिच्या नावानं खोटं बोलले. लेकराचं नाव खोट्यात घेऊ नये. आई म्हणायची, ते जाऊन त्यालाच चिकटतं. सकाळपासून अंग कोमट, तोंडाला धार, मूठ चावते. लॅबच्या बेसिनमध्ये नणंदेनं तिचं अंग पुसलं. मी वाजवायला गेलेच नाही.

नणंद म्हणाली, "वहिनी, हे बरंच झालं की. उद्या ताप आहे म्हणून सांग आणि आपण घरी जाऊ. कुणी बोलणार नाही."

"आणि घरी?"

निघताना सासूबाई काय म्हणाल्या ते तिनं पण ऐकलंय. "आठवडा पुरा करून आलीस तर पेटी राहील. अर्ध्यातून आलीस तर विकायची. पाळणा टाकायला जागा नाही." वाईट नाहीत त्या. जागा खरंच नाही. पोरगी टोपलीत झोपते.

दुपारी डॉक्टर आले, पोरीच्या तोंडात बोट घालून बघितलं. "खाली दोन टोकं आलीत. दातांचा ताप आहे, ताई. बघा, सुट्टीवर आलो तरी माझं काम मागे मागे येतं." मला रडूच फुटलं. त्यांना वाटलं आनंदानं.

विचारलं, बाई काही म्हणाल्या का? "तुमचीच चौकशी करत होत्या. उद्या चेलो येणार ना, येणारच ना — तीनदा विचारलं."

तीनदा. मांजर उंदराची विचारते तशी.

गुरुवार, १५ मे

साडेचार वाजलेत. पिशवी भरून ठेवलीय. पाच वाजता बाईंनी खोलीवर बोलावलंय. तोवर लिहिते, नाहीतर हात कुठं ठेवू कळत नाही.

चिठ्ठी मी काढली. सहा नंबर. लॅबमध्ये गेलो, दार लावलं. कागद समोर. मुंग्याच मुंग्या.

बाई म्हणाल्या, "आधी चेलो एकटी वाजवेल. मग व्हायोला, मग डॉक्टर. मी शेवटी."

गज तारेवर ठेवला. उचलला. परत ठेवला. बरणीतला बेडूक पण माझ्याकडेच बघत होता. आणि तोंडातून निघून गेलं — "मला वाचता येत नाही."

काकांनी विचारलं, "म्हणजे चष्मा विसरलीस का, पोरी?"

"नाही. येतच नाही. कधीच येत नव्हतं."

"मग इतके दिवस काय वाजवत होतीस?"

"ऐकलेलं."

"सगळं?"

"सगळं."

काकांनी डोकं खाजवलं. "आणि मी इतकी वर्षं चष्म्याचे नंबर वाढवतोय."

मला बाईंची भीती. त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "एकदा ऐकून धरता येतं तुला?"

"दोनदा."

"काका, तुम्ही आधी चेलो वाजवायचात ना? तिची ओळ व्हायोलावर वाजवून दाखवा. दोनदा." मग डॉक्टरांकडे वळून, "डॉक्टर, तुम्ही माझी पण वाजवा. मी पण ऐकूनच धरते. तिला एकटीला कशाला."

केवढं मन! मला लाज वाटू नये म्हणून एवढी मोठी बाई माझ्यासारखी लहान होऊन बसली. मी त्यांना मांजर म्हटलं.

तासभर तसंच केलं. काका वाजवायचे, मी धरायची. डॉक्टर वाजवायचे, बाई डोळे मिटून धरायच्या. एकदा अडल्या, ओठ चावला, "परत". त्यांना पण घाम आला होता.

हॉल भरलेला. बाईंनी श्वास घेतला आणि आम्ही निघालो. मधे मी हरवले. कुठल्या गल्लीत शिरले कळेना. तेवढ्यात बाईंनी पुन्हा मोठा श्वास घेतला, मला ऐकू जाईल असा, आणि मी वाटेवर आले. टाळ्या झाल्या. नणंदेनं पोरीचे हात धरून वाजवले.

बाहेर पडताना बाई कानाशी म्हणाल्या, "पाचला माझ्या खोलीत. एकटी ये." आवाज कोरडा. मन मोठं असलं तरी नियम तो नियम. फॉर्मवर खोटं लिहिलंय, व्यवस्थापकांना सांगावंच लागेल त्यांना. पेटी विकली तर निदान वाजवणाऱ्याच्या घरी जाऊ दे.

पाचला दहा कमी. जाते.

शुक्रवार, १६ मे

काल बाईंच्या खोलीत खाटेवर, बाकांवर, जमिनीवर कागदच कागद. जाड काळ्या पेनानं काढलेले नोटेशनचे ठिपके, लाडवाएवढे, एका पानावर तीन नाहीतर चार. पाय ठेवायला जागा नव्हती. म्हणाल्या, "सहा महिने असं काढून पाठ करतेय. आता हे पण दिसत नाही. मघाशी डॉक्टरांना वाजवायला लावलं ते तुझ्यासाठी नव्हतं गं. तू बोलली नसतीस तर मला बोलावं लागलं असतं." इथं कुणाला माहीत नाही. कळलं तर काम जाईल त्यांचं.

मग म्हणाल्या, "ऐकून कसं धरतेस ते शिकव मला."

नणंदेनं पिशवी सोडलीय. आज सकाळी, पोरगी उठायच्या आधी, बाईंना घेऊन लॅबकडे निघाले. जिन्याशी त्यांनी माझं कोपर धरलं. मी पायऱ्या मोजून सांगितल्या. नऊ.