उसना वर्ग

सोमवार, ३ फेब्रुवारी

आला एकदाचा फोन! मंडळाच्या सचिवबाईंचा. अठरा तारखेला पाहणी समिती येणार. निम्मे बाक भरलेले दिसले नाहीत तर कॉलेज बंद. हे सगळं इतक्या गोड आवाजात सांगितलं की मी 'थँक्यू' म्हणाले. काय बाई आहे मी!

राज्यातली झाडून सगळी सरकारी कॉलेजं या मंडळाच्या मुठीत. मंडळावर कोण, तर अध्यक्ष हॉटेलवाला, एक निवृत्त न्यायाधीश, एक रस्त्यांचा कंत्राटदार, आणि बाकीचे कोणाचे ना कोणाचे मेहुणे. वर्गात उभं राहून शिकवलेलं एकही माणूस नाही. त्यांचं नवं धोरण – एका खोऱ्यात एकच कॉलेज. आमच्या खोऱ्यात दोन आहेत. नदीच्या अलीकडे माझं, पलीकडे घुबडाचं.

घुबड म्हणजे तिथला प्राचार्य. विद्यापीठात माझ्याच वर्गात होता. तेव्हापासून जाड भिंगांचा चष्मा, म्हणून घुबड. आता त्याची मुलंही मागून तेच म्हणतात. त्याला ते ठाऊक आहे, आवडतंही बहुतेक.

माझी मुलं पटावर भरपूर, वर्गात नाहीत. सकाळच्या पाळीला डबाबंद फळांच्या कारखान्यात जातात. तिथून आली की आधी घटकाभर बाकावर डोकं टेकून झोपतात. त्यांना काय बोलायचं? पोटापुढे कोणाचं काही चालत नाही. दुपारनंतर येतात, शिकतात, पासही होतात. पण समिती सकाळी येते.

बुधवार, ५ फेब्रुवारी

नवऱ्याला सांगितलं. तो पुढच्या खोलीत दिवा लावून कोणाची तरी कवळी घासत होता. आयुष्यभर दुसऱ्यांचे दात केले, स्वतःचे पडतायत. मान वर न करता म्हणाला, "मग उसनी मुलं आण. सगळेच आणतात."

खरंय. पद्धत जुनी आहे. समिती आली की शेजारच्या कॉलेजकडून एखाददुसरा वर्ग मागून घ्यायचा, त्यांच्याकडे आली की आपला धाडायचा. समिती डोकी मोजते, नावं विचारत नाही. मंडळालाही सगळं माहीत. आजवर मी कितीदा दिली मुलं, मागितली मात्र कधी नव्हती.

"कवळीच की ती," नवरा म्हणाला. "खाणं होतं. फक्त कडक काही चावायला जाऊ नकोस."

हसले. मग त्याचंच वाईट वाटत राहिलं.

रविवार, ९ फेब्रुवारी

घुबडाकडे गेले. पुलावरून चालतच. वाऱ्याने कान दुखले. बायको गेल्यापासून तो घरात एकटा. चहा स्वतः करतो आणि तो फार वाईट करतो. तोंडावर सांगितलं तरी बदलत नाही.

मुलं मागायला सुरुवात केली. त्याने वाक्यही पुरं होऊ दिलं नाही. "पहिलं आणि दुसरं, दोन्ही वर्षं घेऊन जा. तिसऱ्याच्या पोरांना अभ्यास आहे, ती राहू देत."

"एवढी? तुझं कॉलेज ओस पडेल!"

"एक दिवस पडलं तर काय आभाळ कोसळतंय?"

मी म्हटलं, तुझ्याकडे समिती आली की माझी पाठवीन, कारखान्यातून कान धरून आणीन. तो म्हणाला, "आली की बघू."

मग वरच्या खोऱ्याचा विषय निघाला. तिथेही दोनच कॉलेजं होती. एकमेकांच्या तक्रारी केल्या, कोर्टात गेली, एकाने दुसऱ्याच्या उसन्या पोरांचे फोटो काढून मंडळाला दिले, दुसऱ्याने पहिल्याचे. मंडळाने दोन्हींना कुलूप लावलं. पोरं कामाला लागली, पोरींची लग्नं उरकली. घुबडाची भाची होती त्यात. हुशार होती म्हणे. तो तिच्याबद्दल पहिल्यांदाच बोलला, आणि बोलताना चष्मा पुसत बसला.

निघताना विचारतो, "तुझ्या मुलींच्या वसतिगृहाचं छत गळायचं थांबलं का?" म्हटलं, थांबलं. खोल्या? रिकाम्या आहेत चारदोन. "बरं," म्हणाला. त्याच्याकडे वसतिगृह नाही. डोंगरावरच्या पोरी रोज चालत येतात-जातात. मंडळाकडे अर्ज करून करून त्याचे केस पांढरे झाले.

चांगला आहे हो घुबड. या जगात मागितल्याबरोबर देणारा दुसरा कोणी दाखवा.

सोमवार, १७ फेब्रुवारी

वर्गांतले फळे पुसून घेतले. बाक दोनदा मोजले. नवरा म्हणतो, कवळी पहिल्या दिवशी टोचतेच.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

झालं ते क्रमानेच लिहिते.

पलीकडची मुलं सकाळी गटागटाने पूल ओलांडून आली. शहाणी मुलं. कोपऱ्यातल्या मोठ्या वर्गात बसवली. बाक पार मागच्या भिंतीपर्यंत भरले. माझ्या कॉलेजात सकाळी एवढा आवाज कित्येक वर्षांत झाला नव्हता. क्षणभर मलाच खरं वाटलं!

समिती पाचजणांची म्हणून सांगितलं होतं. गाडीतून उतरले दोघं. कंत्राटदार आणि न्यायाधीश. कंत्राटदाराने आधी भिंतींना टिचक्या मारून बघितल्या. वर्गात गेलो. न्यायाधीशांनी खिडकीजवळच्या एका लांब वेणीच्या मुलीला विचारलं, "काय गं, आवडतं का इथे?" ती शांतपणे म्हणाली, "बाक चांगला आहे, सर. मी इथेच बसायचं ठरवलंय."

इतकं सराईत खोटं! न्यायाधीश खूश. कंत्राटदारही हसला.

बाहेर व्हरांड्यात मी सहज विचारलं, "बाकीचे तिघं मागून येतायत का?"

"नाही नाही. ते पलीकडच्या कॉलेजात गेलेत. या वेळी दोन्हीकडे एकदम जायचं असं अध्यक्षांनी ठरवलं. तुम्हा लोकांची ती देवाणघेवाण असते ना," डोळा बारीक करून कंत्राटदार म्हणाला, "तिला जरा चाप."

पायांखालची जमीन सरकते म्हणतात. तसं नाही होत. जमीन तिथेच असते, आपलेच पाय आपले राहत नाहीत.

मागे वर्गात त्याची मुलं बसली होती. त्याच वेळी नदीपलीकडे तिघं माणसं त्याच्या रिकाम्या वर्गातून फिरत होती. मला एवढंच म्हणायचं होतं – साहेब, ही माझी मुलं नाहीत. एक वाक्य! तोंडात आलं होतं. मी म्हटलं, "चहा घेणार ना?"

चहा घेतला त्यांनी.

गुरुवार, २० फेब्रुवारी

त्याला तारीख विचारली नाही मी. तुझ्याकडे कधी येणार, एवढंही विचारलं नाही. आपलं जळत असलं की दुसऱ्याच्या घराकडे बघायचं सुचत नाही.

आज पुलाच्या मध्यापर्यंत गेले. परत आले.

रविवार, २३ फेब्रुवारी

नवऱ्याला सगळं सांगितलं. जेवता जेवता थांबला. मग म्हणाला, "आता सांगितलंस मंडळाला, तर?" म्हटलं, तर दोन्ही जातील, वरच्या खोऱ्यासारखी. "आणि नाही सांगितलंस तर?" तर त्याचं जाईल. "म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं," असं पुटपुटला आणि ताट घेऊन उठला. माझ्या बाजूने काहीतरी बोलेल असं वाटलं होतं. नाही बोलला.

मंगळवार, ११ मार्च

राजधानीत मंडळाची बैठक. दोन्ही प्राचार्यांना हजर राहायला सांगितलेलं. भिंतीलगत खुर्च्या मांडल्या होत्या, परीक्षेला बसवल्यासारख्या. मधे हे एवढं मोठं लंबगोल टेबल. आमच्याआधी एका तंत्रनिकेतनाचा निकाल लागला, बिस्किटाची बशी फिरेपर्यंत. अध्यक्ष विचारतात, "कोणाची हरकत?" एकवार सगळ्यांच्या तोंडाकडे बघतात, आणि टेबलावर तळहात आपटतात. झालं. कोणी सदस्य तोंड उघडत नाही, कारण उद्या त्यांच्या स्वतःच्या विषयाला हाच तळहात लागतो.

आमचा विषय आला. अलीकडच्या कॉलेजात वर्ग तुडुंब, विद्यार्थी समाधानी. पलीकडच्या कॉलेजात बहुतेक वर्ग रिकामे. पलीकडचं अलीकडच्यात विलीन करावं. अध्यक्ष घुबडाकडे बघून म्हणाले, "प्राचार्य, तुमची मुलं जातात कुठे?" सगळे हसले.

घुबड म्हणाला, "शिकायला जातात, सर."

अजून हसले. मी उठत होते. शपथेवर सांगते, उठत होते! खुर्ची वाजलीसुद्धा. त्याने माझा दंड पकडला. बोटं रुतली. ओठ न हलवता म्हणाला, "बस खाली. आता बोललीस तर दोन्ही गेली."

"कोणाची हरकत?"

बसले मी.

तळहात.

खाली उतरताना मी रडत होते आणि तो जिन्यावर मला ओरडत होता की पायऱ्या बघ. येताना बसमध्ये त्याने शेंगदाणे घेतले. मला अर्धे दिले. मी हातात धरून बसले, तो खात होता. मनात आलं, याला राग कसा येत नाही? आला असता तर मला सोपं गेलं असतं. शिव्या घातल्या असत्या तर पाया पडले असते. हे असं शेंगदाणे देणं सहन होत नाही.

शनिवार, १५ मार्च

अध्यक्षांचा अभिनंदनाचा फोन. विलीन कॉलेज तुमच्याच हाताखाली राहील म्हणाले. "तुमच्यासारखी कर्तबगार माणसं हवीत आम्हाला." कर्तबगार! फोन ठेवला आणि तोंड धुऊन आले.

शनिवार, २९ मार्च

त्याच्या कॉलेजात गेले, मुद्दाम सुट्टीच्या दिवशी. तो एकटाच नकाशे गुंडाळत होता. भिंतीवर त्यांच्या जागी स्वच्छ चौकोन राहिले होते. मी आल्या आल्या सगळं ओकले. चहा विचारला, खरं बोलले नाही, तुझं कॉलेज खाल्लं मी, असं सगळं. तो ऐकत होता, दोरीला गाठी मारत होता.

"झालं तुझं?" म्हणाला. "ते टोक धर जरा."

धरलं.

नोकरी? मंडळ त्याला माझ्या हाताखाली व्याख्याता म्हणून द्यायला तयार होतं. त्याने नको म्हणून कळवलंय. दक्षिणेला बहिणीकडे जाणार. तिला सोबत होईल म्हणे. हा आणि सोबत! तो चहा पिऊन ती बिचारी महिन्याभरात हाकलेल.

दारापर्यंत आला. म्हणाला, "एकच सांगतो. माझी पोरं मागच्या बाकांवर टाकू नकोस. आणि डोंगरावरच्या पोरींना आधी खोल्या."

मी म्हटलं, मला माफ कर. तो म्हणाला, "तू ना, वर्गातसुद्धा प्रश्न पुरता वाचायच्या आधी उत्तर लिहायला घ्यायचीस."

मला वाटलं, टोमणा मारला. बरं वाटलं. एवढा तरी मारला.

रविवार, १३ एप्रिल

गेला. निरोप द्यायला मला बोलावलं नाही.

सोमवार, १६ जून

नव्या वर्षाचा पहिला दिवस. पलीकडची मुलं आली, या वेळी कायमची. त्यांना तोच कोपऱ्यातला मोठा वर्ग दिला. लांब वेणीवाली थेट खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसली. तिचं सामान कालच वसतिगृहात आलंय.

मी म्हटलं, "जागा बरी लक्षात राहिली तुझ्या!"

"राहणारच ना, मॅडम. सरांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं – समिती उद्या आपल्याकडेही येतेय, तरी तुम्ही तिकडेच जा. आणि जागा नीट निवडा, पुढे तिथेच बसायचंय."

मागच्या बाकांवर माना हलल्या. सगळ्या वर्गाला ठाऊक होतं.

मी फळ्याकडे तोंड केलं आणि तारीख लिहायला घेतली. बराच वेळ लिहीत होते.