दोर मागून येणार म्हणतात

मी, भीमराज संतराम खिल्लारे, वय ६८, पूर्वीचा धंदा विहिरी खोदण्याचा, रा. जवळा बाजार, ता. औंढा नागनाथ, जि. हिंगोली, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे व माझ्यावर कुणाचा दाब नाही. भीती मात्र आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही.

१. माझी एकुलती मुलगी साधना हिची अंतराळवीर म्हणून निवड झाली आहे. चंद्रावर माणसे राहायला पाठवण्याच्या पुढील धोरणाचा मसुदा निघाला, तो तिनेच मला वाचून दाखवला. त्यात लिहिले आहे की माणसे आधी उतरवावीत, परतीचे यान दुसऱ्या टप्प्यात पाठवावे. पहिल्या तुकडीच्या संमतीपत्रावर ती येत्या सोमवारी सही करणार आहे.

२. मसुद्यावर तीस दिवसांत हरकती मागवल्या होत्या. मी पाठवली. मला माझ्या धंद्याचीच भाषा येते, म्हणून विषय लिहिला, "माणूस खाली उतरवण्यापूर्वी दोर तयार ठेवणेबाबत." उत्तर आले की आपला विहिरीसंबंधीचा अर्ज पाणीपुरवठा विभागाकडे वर्ग केला आहे. माझी पत्नी नर्मदाबाई पोट धरून हसली. मला त्या दिवशी जेवण गेले नाही.

३. सुदाम माझा चुलतभाऊ व धंद्यातला जोडीदार. १९९४ साली वारंगा फाट्याजवळ एका जुन्या विहिरीचा गाळ काढायचा होता. दोर दुसऱ्या ट्रॅक्टरने येणार होता. मुकादमाने घाई केली, त्याला मी अजून माफ केलेले नाही. पण "तू उतर सुद्या, दोर येऊनच राहिला," हे शब्द माझे होते. तो कपारी धरून उतरला. तळाशी विषारी हवा होती. दोनदा हाक आली, "भीमा, दोर!" दोर पाऊण तासाने आला. हे मी आज प्रथमच सांगत आहे.

४. माल वर ओढायची यारी, पहारी व घण पुतण्या हरीशला द्यावेत. जुना दोर कुणाला विकू नये, जाळावा.

५. राहते घर नर्मदाबाईला हयातभर, तिच्यामागे साधनाला. येथे पुढे "सोमवारी सही केल्यास घर मिळणार नाही" असे वाक्य होते. ते मीच खोडले असून बाजूला माझी सही आहे. ही अट मी साधनाला फोनवर ऐकवली होती. ती रागावली नाही. म्हणाली, "घर नका देऊ, बाबा. पन मी परत आल्यावर कुठं यायचं, तेवढं सांगून ठेवा." घर बिनशर्त तिचेच आहे.

६. साधना वर असताना मी गेलो, तर तिला कळवू नये. खाली उतरलेल्या माणसाला वरचा माणूस गेल्याचे सांगत नाहीत, हा आमच्या धंद्याचा नियम आहे. तिने विचारलेच, तर नर्मदाबाईने सांगावे की बाबा दोर धरून बसलेत, हात मोकळा नाही.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली. सही वेडीवाकडी आहे, पण माझीच आहे.

भीमराज संतराम खिल्लारे

साक्षीदार:
१. फुलसिंग प्रेमसिंग राठोड
२. जिवनबाई अमृतराव कांबळे

स्थळ: जवळा बाजार
दिनांक: ६ फेब्रुवारी २०२६, सोमवारला तीन दिवस आहेत