अकरा महिन्यांचे वर्ष आणि मायाची चादर

जानकीपुरमच्या भाडेकरू बंधुभगिनींनो, ज्यांचे वर्ष अकरा महिन्यांतच संपवले जाते अशा तुम्हा सर्वांना उद्देशून मी हे मृत्युपत्र लिहितो.

मी शामराव तुकाराम गजभिये, मूळ भंडाऱ्याचा, आता लखनौत, वय चौऱ्याहत्तर, टपाल खात्यातून निवृत्त. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी तसे लिहून दिले आहे आणि घरमालक निगमसाहेबांना ते अमान्य आहे. म्हणजे पुरावे दोन झाले. कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही.

घर. ते नाही. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बावीस वर्षे काढली, पण कागदावर कधीच अकरा महिन्यांहून जास्त राहिलो नाही. दर करारनाम्याला दहा टक्के वाढ. निगमसाहेब तिला ‘सालाना’ म्हणतात. अकरा वर्षांत बारा वेळा येणारे हे कोणते साल? वाढीची तारीख दर खेपेस महिनाभर मागे सरकते. कूलरच्या दिवसांतून रजईच्या दिवसांत येते आणि माणूस बेसावध असताना जिना चढते.

बँकेतील रक्कम मुलगा अनुप व मुलगी स्वप्ना यांना समान. पुस्तके बुद्धविहाराच्या वाचनालयाला. अनुपला देऊन उपयोग नाही. मी मराठीत भांडतो, तो हिंदीत उत्तर देतो.

भिंतीतले सर्व खिळे निगमसाहेबांना. एकेका खिळ्यासाठी त्यांनी मला ऐकवले आहे. आता सांभाळावेत.

फ्रिज स्वप्नाला. माझी पत्नी माया हिने तो शिवणकामाच्या कमाईतून घेतला. जिन्यात निगमसाहेबांची चप्पल वाजली की ती कुजबुजायची, “अहो, आले ना ते! चादर टाका.” भाडेकरूच्या घरात नवी वस्तू दिसली की वाढही वाढते, हे आपल्यात कोणाला ठाऊक नाही? मग फ्रिजवर सोलापुरी चादर, तिच्यावर रद्दी.

“ये क्या रखा है, गजभिये जी?”

“पुराना संदूक है, भाईसाहब,” माया हसून सांगायची.

ती गेली त्या दिवशी निगमसाहेब सांत्वनाला आले. चादर टाकायचे कोणालाच सुचले नव्हते. स्वप्ना रडत होती. तिच्या डोक्यावरून पलीकडे पाहत ते म्हणाले, “अच्छा, फ्रिज भी है!” पुढच्या करारात दहाचे पंधरा टक्के झाले.

भुताखेतांविरुद्ध मी जन्मभर भाषणे केली. तरी लिहितो, कारण मृत्युपत्रात लपवाछपवी नको. करार संपत आला की पेटीत घडी करून ठेवलेली चादर सकाळी फ्रिजवर असते. कोपरे चापून बसवलेले, तिच्या हाताची सवय. स्वप्ना म्हणते, “बाबा, झोपेत तुम्हीच टाकत असाल.” म्हणून गेल्या खेपेला चादर तळमजल्यावर चेतनाताईंकडे ठेवली. सकाळी त्याच वर आल्या. “भाऊ, चादर कधी नेलीत?” मी नेली नव्हती. ती फ्रिजवर होती.

मला मायाची भीती वाटत नाही. मेल्यावरही ती घाबरतेच आहे, याची वाटते.

चादर माझ्याबरोबर जाळावी. पण तेवढ्याने माया थांबायची नाही. तिला थांबवणे तुमच्या हाती आहे. पुढचा अकरा महिन्यांचा कागद समोर येईल तेव्हा बंधुभगिनींनो, ‘अकरा’ खोडा, ‘बारा’ लिहा, आणि मालकाने त्या आकड्याशेजारी सही केल्याशिवाय तुमची सही देऊ नका.

शामराव तुकाराम गजभिये (सही)

आमच्यादेखत सही केली:
चेतना रामटेके, तळमजला (सही)
पंढरीनाथ वासनिक, शेजारी, भाडेकरू (सही)

जानकीपुरम, लखनौ
१४ फेब्रुवारी २०२५