लांबूच्या हातची गाठ

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू ते बाजूला ठेवशील, हे मला ठाऊक आहे. ठेव, पण फाडू नकोस. वर्षभर मी तुला एक ओळ लिहिली नाही. फोनवर तुझं नाव दिसलं की फोन पालथा घातला. आणि आता एकदम पत्र, म्हणजे तुला वाटणार, ताईला शिव्या द्यायला फोन अपुरा पडला. शिव्या पुष्कळ साठवल्या होत्या, खोटं कशाला बोलू? पण शनिवारी तुमच्या जुन्या गोदीतला मुकादम घरी येऊन गेला. तो काय बोलला ते पुढे सांगते, कारण ते लिहायला अजून हात धजत नाही. आधी घरचं ऐक.

घर आहे तसंच आहे. स्वयंपाकघरातला नळ गळतो. तुझे भावोजी रोज म्हणतात, उद्या वॉशर बदलतो, आणि रोज खाली पातेलं ठेवून झोपायला जातात. पूर्वी मी यावरून घर डोक्यावर घेतलं असतं. आता पातेलं भरलं की मुकाट्याने झाडांना घालते. लांबूचे बूट अजून दारामागेच आहेत. ते केवढे होते ते तुला माहीत आहे, दार पुरतं उघडतच नाही. येणारा प्रत्येक जण अंग चोरून तिरका आत शिरतो, पण ते बूट हलवा असं कोणी म्हणत नाही. चर्चचे पाळकसाहेब तर चांगले अंगापिंडाने भरलेले, तेही बिचारे पोट आत घेऊन येतात.

लांबू हे नाव तूच ठेवलंस. माझा लेक पाळण्यात मावेना तेव्हा तू म्हणालास, हा भाचा नव्हे, हा शिडी आहे. आई गेली तेव्हा तू एवढासा होतास की मलाच आई म्हणायचास, आणि शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या. लांबू झाला तेव्हा मला वाटलं, हा माझा दुसरा. तुम्ही वागायचातही सख्ख्या भावांसारखे. त्याला अजून धड बोलता येत नव्हतं तेव्हा तू त्याला खुर्चीच्या पायाला दोर बांधायला शिकवलंस. सरकणारी नव्हे, आवळणारीही नव्हे, माणसाला वर ओढताना त्याचा श्वास कोंडणार नाही अशी गाठ. मग काय विचारतोस, घरात एक वस्तू मोकळी राहिली नाही. एकदा मी चुलीपाशी खुर्ची ओढून बसले होते, तर पठ्ठ्याने मलाच तिला बांधून टाकलं. समोर दूध उतू जातंय, मी ओरडतेय, आणि तुम्ही दोघं पोट धरून लोळताय. ती खुर्ची अजून आहे. तिच्यावर कोणी बसत नाही.

त्या दिवसाबद्दल मी आजवर तुझ्याशी चकार शब्द बोलले नाही. पण मला सगळं ठाऊक आहे. शुद्ध हरपल्यामुळे जे तुला कळलं नाही, तेही. टाकीच्या तोंडाशी रंगाचा डबा घेऊन जो रंगारी उभा होता, त्याच्याकडून मी ते खोदून खोदून काढून घेतलं. बंद पडलेल्या जहाजाची टाकी. गंज चढताना लोखंड आतली सगळी हवा खाऊन टाकतं, वास नाही, धूर नाही, काही कळत नाही, हे तूच मला जेवताना सांगायचास आणि मी म्हणायचे, जेवताना तरी नको. हवेचा पंखा लावायचा होता. हवा तपासायचं मीटर आत सोडून बघायचं होतं. तुझ्याच हाताखाली कामाला लागलेला लांबू तोंडाशी राखणीला बसून तुला म्हणत होता, मामा, थांब जरा. आणि तुझा पाना आत पडला. खालच्याच पायरीवर दिसत होता म्हणे. दोन मिनिटांचं काम म्हणून तू दोर न बांधता उतरलास. एवढा अनुभवी माणूस, दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर तू त्याच्या कानाखाली आवाज काढला असतास!

तोंडाशी बसलेल्याने आत उतरायचं नाही, हा तुमचा नियम. तोही तूच शिकवला होतास. लांबूने दोर स्वतःच्या कमरेला बांधला, दुसरं टोक रंगाऱ्याच्या हातात दिलं, छाती भरून श्वास घेतला आणि उतरला. खाली त्याने स्वतःचा दोर सोडून तुला बांधला. मग दोराला हिसका दिला. रंगारी लांबूला वर घेतोय या समजुतीने ओढत होता. तोंडातून बाहेर आलास तू.

फोन आला तेव्हा त्यांनी सांगितलं, दोघे आत होते, एक वाचला. मी विचारलं, कोण? ते म्हणाले, तुमचा भाऊ. धाकट्या, त्या क्षणी मला तू नको होतास. ज्याला मी कडेवर घेऊन वाढवलं तो जिवंत आहे हे ऐकून मी किंचाळले, आणि ते आनंदाने नव्हतं. दफनाच्या वेळी तू मातीत गुडघे टेकून म्हणालास की आता माझं तारण नाही, तेव्हा सगळ्यांनी तुला उठवलं. मी नाही उठवलं. मला ते ऐकून बरं वाटलं होतं.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशात लांबूचा दाखला दिला. प्रीती असावी तर अशी, वगैरे. लोक डोळे पुसत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. देवबापाने आपला पुत्र दिला तो आपणहून दिला, माझा तर मला न विचारता गेला. मी मधेच उठून बाहेर आले. त्यानंतरही चर्चला जाते, पण प्रार्थनेत ‘आम्ही जशी इतरांना क्षमा करतो तशी आम्हालाही कर’ ही ओळ आली की माझं तोंड मिटतं. मग पुढची ओळ बाकीच्यांबरोबर पकडते. प्रभुभोजनाच्या टेबलाचं पांढरं कापड मीच धुते, मीच इस्त्री करते, पण भाकर फिरत माझ्यापाशी आली की शेजारणीकडे सरकवते. मनात भावाविषयी अढी ठेवून ती घ्यायची नसते, हे लहानपणी तुला मीच शिकवलं होतं. आता कुठल्या तोंडाने घेऊ?

तर, मुकादम. बुटांमुळे तोही तिरकाच आत आला आणि टोपी चाचपत बसला. मग पिशवीतून दोराचा तुकडा काढला. तुला वर काढल्यावर गाठ सोडायला कोणाला सवड नव्हती, त्यांनी दोर वरून कापला होता. गाठ तशीच आहे. हा तुकडा त्याने वर्षभर स्वतःच्या कपाटात ठेवला होता, कारण कोणाला द्यावा ते त्याला कळत नव्हतं. आणि मग खाली बघत म्हणाला, की तू आता ज्या गोदीत आहेस तिथे सगळ्यांच्या आधी टाकीत तू उतरतोस. मीटरची वाट बघत नाहीस. दोर बांधत नाहीस. कोणी हटकलं तर म्हणतोस, माझी वेळ तशीही उलटून गेली आहे.

तो गेल्यावर मी तो तुकडा मांडीवर घेऊन त्या खुर्चीवर बसले. वर्षभरात पहिल्यांदा. मला वाटायचं, क्षमा करायची म्हणजे तुझी चूक नव्हती असं म्हणायचं, आणि ते मला मेले तरी जमणार नव्हतं. चूक तुझीच होती. पण लांबूला ते माझ्याआधी माहीत होतं. तो तुला थांबवत होता, तू ऐकलं नाहीस, आणि तरी त्याने स्वतःच्या कमरेचा दोर सोडला. तू त्या लायकीचा आहेस का, हे बघायला तो थांबला नाही. वधस्तंभाविषयी आपण जन्मभर हेच ऐकत आलो, मान डोलवत आलो, आणि घरी येऊन जेवलो. मला ते पहिल्यांदा कळलं, आणि कळून बरं वाटलं असं समजू नकोस. मी खूप रडले. तुझे भावोजी पातेलं हातात घेऊन नुसते उभे होते.

काल रविवारी मी ती ओळ म्हटली. आवाज फाटला, पुढच्या बाकावरच्या बाया वळून बघायला लागल्या, पण पूर्ण म्हटली. भाकर मात्र अजून घेतली नाही, ती तू शेजारी बसलास की घेईन. लांबूची परतफेड करायला निघू नकोस. ते कर्ज नव्हतं रे, ते दान होतं, आणि घेतलेलं असं टाकीत नेऊन टाकायचं नसतं. माझा एक लेक त्या टाकीत राहिला. तू माझा पहिला. दुसऱ्यांदा तो फोन माझ्याच्याने घेववणार नाही. घरी ये, खुर्ची तुझीच आहे, बूट हलवायचे की नाही ते दोघं मिळून ठरवू. आणि यायला वेळ लागणार असेल, तर हे पत्र त्यासाठीच लिहिलं आहे असं समज: उद्या उतरण्याआधी कमरेला दोर बांध. लांबूने बांधला होता तसाच.

तुझीच,
ताई