सुनेचं ऑपरेशन

जठारपेठ, अकोला
१८ नोव्हेंबर २०२४

चि. दीक्षा,
सप्रेम जय भीम.

मी बरी आहे. थंडीनं गुडघा कुरकुरतो, पण स्वयंपाकापुरती चालते. शेजारची सत्यभामा भाजी आणून देते. संघपालचा खोकला गेला का?

फोन बिघडला, असं तुम्हाला कळवलं होतं. तो बिघडलेला नाही. मीच बंद करून कपाटात ठेवला आहे. वाजला की हातपाय गार पडतात.

मागच्या आठवड्यात एक व्हिडिओ कॉल आला. समोर पोलिसाच्या वर्दीतला माणूस, मागे ठाण्यासारखी खोली. माझ्या आधारवर कोणी खातं उघडून काळा पैसा फिरवला, म्हणाला. मी फोन ठेवायला लागले, तर त्यानं संघपालचं नाव घेतलं. ऑफिससुद्धा बरोबर सांगितलं. "माताजी, बेटे को बताया तो उसकी भी नौकरी जाएगी."

सेमाडोहला नर्स होते तेव्हा वाघाच्या वाटेनं बाळंतपणाला जायची मी. पण लेकाच्या नोकरीचं ऐकलं आणि खुर्चीवर बसले ती बसलेच. दिवसभर, कॅमेऱ्यासमोर. बीपीची गोळी घेऊ का, हेही त्याला विचारलं, दीक्षा. 'तपासणीपुरते' म्हणून बचत खात्यातले पैसे त्यानं सांगितलेल्या खात्यात पाठवले. दुसऱ्या दिवशी त्यानं एफडी मोडायला बँकेत धाडलं. फोन पर्समध्ये चालूच ठेवायचा, असा हुकूम.

बँकेच्या भिंतीवर मोठा कागद लावला होता. पोलीस व्हिडिओवर कोणालाही अटक करत नाहीत, म्हणून. रांगेत उभ्यानं मी तो अख्खा वाचला. समजलाही. तरी वाटलं, हे लोकांसाठी आहे, माझंच प्रकरण तेवढं वेगळं आहे.

काउंटरवर आरती नावाची मुलगी होती.

"काकू, एफडी कावून मोडून राहिल्या? मुदत तं जवळच आली."

"सुनेचं ऑपरेशन हाये."

तू चांगली धडधाकट, आणि मी तुला दवाखान्यात घातलं. खरं सांगायचं तर पत्र लिहायला घेतलं ते यासाठीच.

"कोणत्या दवाखान्यात?"

"तुले काय करायचं? माहे पैसे हायेत!"

सगळी रांग पाहायला लागली. आरती रागावली नाही. ती मी छातीशी धरलेल्या पर्सकडं पाहत होती. मग मोठ्यानं म्हणाली, "सर्व्हर बंद हाये काकू. बसा, चहा घ्या." सर्व्हर काही बंद नव्हता. ती बाहेर येऊन माझ्याजवळ बसली, माझ्या पर्सकडं बोट केलं आणि कानाशी हात नेऊन, आवाज न करता विचारलं: फोन चालू आहे?

मी मान हलवली आणि मला रडूच फुटलं.

तिनं फोन काढून बंद केला. तिथूनच सायबर हेल्पलाइनला तक्रार नोंदवली, मग माझ्यासोबत ठाण्यातही आली. एफडी वाचली. आधी पाठवलेल्यातले थोडे पैसे गोठवलेत म्हणतात, बाकीचे गेले.

त्या खुर्चीवर बसल्या बसल्या राहून राहून वाटत होतं, दीक्षाला एक फोन करावा, ती सांगेल हे खरं की खोटं. तेवढंच त्यानं करू दिलं नाही.

संघपालला तू काही सांगू नकोस. तो आधी माझ्यावर चिडेल, मग मला एकटीला ठेवलं म्हणून स्वतःवर. त्याला मीच सांगणार आहे. रविवारी सकाळच्या एसटीनं अमरावतीला येते. स्टँडवर तू एकटीच ये. लिहिणं जमलं, पण घरच्या माणसापुढं हे तोंडानं अजून बोलले नाही. ऑटोत एकदा तुझ्यापुढं बोलून पाहीन. अडखळले तर मधे काही म्हणू नकोस, नुसता हात धर.

तुझीच,
आई