काठोकाठ भरलेला प्याला

मी, बुरुल असानकुलोवा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, राहणार नारीन, फिरत्या सिनेमाची निवृत्त ऑपरेटर, शुद्धीवर असताना व कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. मोतीबिंदू डोळ्यांत आहे, अकलेत नाही.

कलम १. राहते घर व गाय माझ्या पश्चात भाची आयझादा हिची. तिने माझं केलं. बाकीच्यांनी फोन केले.

कलम २. प्रोजेक्टर शाळेला द्यावा. पडदा घरातच ठेवावा. कुरणावर खेळ लावला की सिनेमातले घोडे कुठे गेले ते बघायला मेंढपाळ पडद्यामागे जात. त्यांच्या बोटांचे डाग आहेत, ते धुऊ नयेत.

कलम ३. अकरा वह्या. माझी मैत्रीण सोनुनबुबू आणि मी दर रविवारी एक जुना आणि एक नवा सिनेमा बघत असू. मग चहा, आणि वहीत डाव्या पानावर माझं मत, उजव्यावर तिचं. जुन्या सिनेमांवर आमचं जमायचं. नव्यांवर जुंपायची.

दोन वर्षांपूर्वी एका म्हातारीचा नवा सिनेमा पाहिला. ती अर्धा तास नुसती कणीक मळते. मी म्हटलं, "यापेक्षा कणीक फुगताना बघितलेली बरी." सोनुन रडत होती. म्हणाली, "बुरुल, तू जन्मभर रिळं बघितलीस गं, माणसं नाही." माझं डोकं फिरलं. मी तिचा प्याला काठोकाठ भरून पुढे ठेवला. आमच्याकडे अर्धा प्याला म्हणजे बैस, अजून ओतायचाय. भरलेला म्हणजे ऊठ आता. ती सगळा चहा प्यायली, प्याला पुसून ठेवला आणि गेली. पुन्हा आली नाही.

तो सिनेमा मी नंतर एकटीने चार वेळा पाहिला. तिसऱ्या खेपेला दिसलं, म्हातारी दोघांची कणीक मळते आणि घरात एकटीच असते. सोनुनचा मुलगा रशियात कामाला गेला, नऊ वर्षं पत्ता नाही. हे मला माहीत होतं, आणि तरी मी ते बोलले. मला लाज वाटते. उत्तरार्ध मात्र लांबलाय, ते मी मागे घेत नाही.

सबब सर्व वह्या सोनुनबुबूच्या. शेवटच्या वहीत तिचं पान कोरं आहे.

कलम ४. मी गेल्यावर चाळिसाव्या दिवशी, माझ्या चाळिसाव्याला, तोच सिनेमा याच पडद्यावर लावावा. सोनुन आली तर तिला चहा अर्धाच ओतावा, आणि ती बोलते तोवर ओतत राहावा.

पहिल्या साक्षीदाराची सही झाली. दुसऱ्या सहीसाठी आयझादाला सोनुनकडे धाडलंय. येईल की नाही, देव जाणे.

नारीन, १४ ऑक्टोबर २०२३
बुरुल असानकुलोवा (सही)

साक्षीदार १: मेदेर बाकासोव, शेजारी (सही)

साक्षीदार २: सोनुनबुबू तुराटोवा (सही)

शेरा (सोनुनबुबूच्या हातचा): मिळकत ज्याला मिळायची त्याची साक्ष चालत नाही, असं नोटरीबाई म्हणतात. मग वह्या मी सोडल्या. बुरुल, कोरं पान आत्ता इथेच तुझ्यासमोर बसून लिहिते. उत्तरार्ध लांब नाही. चाळिसाव्याची वाट कोण बघणार? अर्धा ओत.